एका स्थळाची चौकशी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

तुळशीची लग्नं उरकली की माणसांची सुरू होतात, आणि माणसांची सुरू झाली की लबाड्या सुरू होतात. यंदा त्यातली एक आमच्या धायरीच्या घरात जेवणाच्या टेबलावर येऊन बसली आहे. जेवण आता ओट्यावर, उभ्यानं.

नात स्पृहा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कुणाला संशयाची फाइल आली की ती हिच्याकडे पाठवतात. मग ही बघत बसते, फाइल सरळ आहे की पोटात काही घेऊन आली आहे. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं एवढंच कळलं की पोरगी चौकशी करते. चौकशी मला कळते.

ही फाइल आली शनिवार पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळात. सुनीतीबाई आणि त्यांचे यजमान रंगनाथराव, दोघं अठ्ठावीस वर्षं ते चालवतात. कुणाची पत्रिका, कुणाचा फोटो, कुणाचं पहिलं लग्न मोडलंय, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, सगळं एका कॉम्प्युटरात. काल सकाळी एका मुलाची माहिती आली. वय एकोणतीस, एकुलता एक, बाणेरला स्वतःचं घर, अपेक्षा काही नाही. सुनीतीबाईंनी पत्रिका बघायला बटण दाबलं. उघडेना. तीनदा दाबलं, तरी उघडेना. मग त्यांनी स्पृहाच्या कंपनीला फोन केला, मुलाची पत्रिका अडकली आहे, तेवढी सोडवून द्या.

स्पृहानं सांगितलं, "काकू, कॉम्प्युटर बंद करा आणि भिंतीतली पिन काढा. मी सांगेपर्यंत लावू नका."

मी म्हटलं, "अपेक्षा काही नाही म्हणणारा मुलगा मी पंचाहत्तर वर्षांत बघितला नाही. खोट आहे त्यात."

"आजी, पुराव्याशिवाय असं म्हणता येत नाही गं."

आता पुरावा गोळा करणं चालू आहे. एक जुना लॅपटॉप आणून त्यावर ती फाइल उघडून ठेवली आहे. त्याला इंटरनेट नाही, कसली वायर नाही, कुणी शिवायचं नाही. ज्या पेनड्राइव्हमधून फाइल आणली त्याला वेगळी डबी. माझी सून हेमा फडकं घेऊन पुसायला गेली तर स्पृहा केवढ्यांदा ओरडली. मी म्हटलं, "हेमा, लांब हो. तो बाजूला बसलाय."

हेमा तोंड दाबून हसली. स्पृहाला समजावून सांगावं लागलं की आमच्या वेळी बाईला चार दिवस पडवीत बसवायचे, ताट वेगळं, पांघरूण वेगळं. ती चिडली. "तुम्ही सहन कसं केलंत?" सहन कसलं? महिन्यात तेवढीच झोप मिळायची. भाकरी आयती यायची. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात जायचं जिवावर यायचं.

"आणि फाइल वाईट निघाली तर काय करते गं?"

"कुलूप लावते. कॉम्प्युटरातल्या एकेका गोष्टीला. मग किल्लीसाठी पैसे मागते. नाही दिले तर सगळी माहिती चारचौघांत मांडते."

लोकांच्या अठ्ठावीस वर्षांच्या गोष्टी. पेठेत नुसतं अर्धं पान फुटलं तरी दहा घरं बसतील.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फाइलनं काही केलं नाही. सोवळ्यातल्या ब्राह्मणासारखी बसून आहे.

स्पृहाचे साहेब आमोद यांचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून ऐकला, नाहीतर मला सवय नाही. "स्पृहा, आपल्या सगळ्या टूल्सनी क्लीन दिलंय. क्लायंट चिडलाय. लेट इट गो."

चिडलेला क्लायंट म्हणजे रंगनाथराव. अर्ध्या तासानं त्यांचाही फोन. "आमचा कॉम्प्युटर आजारी आहे, की आपण?" रविवारी त्यांचा वधूवर मेळावा आहे, तीनशे जण येणार, याद्या सगळ्या आत. स्पृहा म्हणाली, आतली डिस्क काढून द्या, मी आधी सुरक्षित नक्कल करते. ते म्हणाले, "लोकांनी विश्वासानं दिलेल्या गोष्टी आहेत. स्क्रू काढून तुमच्या पिशवीत घालायला ती मिक्सरची दुरुस्ती नव्हे."

माणूस खवचट आहे, पण चुकीचं बोलला नाही.

ठरलं असं: शनिवारी दुपारी बारापर्यंत पुरावा मिळाला तर ठीक. नाहीतर स्पृहानं 'फाइल चांगली आहे' असं लिहून द्यायचं, खाली सही तिची. नोकरीत ती अजून कच्ची आहे, महिनाअखेरीला पक्की करायची की नाही ते आमोद ठरवणार. सही केली आणि फाइल वाईट निघाली, तर तीनशे घरांचं वाटोळं हिच्या नावावर. सही नाही केली तर साहेबाशी वाकडं.

दिगंबर, माझा मुलगा, म्हणाला, "साहेब म्हणतात तर कर सही. जबाबदारी त्यांची."

मी म्हटलं, "सही तिची आणि जबाबदारी त्यांची? कुठल्या शाळेत शिकलास?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मी त्या लॅपटॉपसमोर बसून राहिले. शिवले नाही. पडद्यावर एक डोंगराचं चित्र, बाकी सगळं मोकळं. लग्नाआधी रंग दिलेल्या खोलीसारखं.

स्पृहाला विचारलं, "ह्याच्यात आहे काय?"

"काही नाही. मुद्दाम रिकामा ठेवलाय."

"मग चोर कशाला हात घालेल? रिकाम्या घरात चोर शिरला तर पाणी पिऊन परत जातो."

मी म्हटलं, मुलगा दाखवायला आणतात तेव्हा तो कसा बसतो बघ. मान खाली, पोहे अर्धे, पाणी मागताना हळू आवाज. एक तास बघून काय कळतं? त्याला माहीत असतं की आपल्याला बघतायत. त्याची चौकशी करायची तर तो आपल्या घरात असताना करायची. भूक लागलेली असताना, अंगणात कुणी नाही असं त्याला वाटत असताना. आमच्या वेळी जाणत्या बायका पाहुण्यांच्या गावात आदल्या दिवशीच जायच्या, पाणवठ्यावर बसायच्या आणि कोण कुणाचा ते सांगायच्या नाहीत.

"म्हणजे त्याला वाटलं पाहिजे की हे खरं घर आहे," स्पृहा म्हणाली. "अशा फाइल्स असतात, आजी. बघतात की कुणी राहतंय का. मी वापरल्याचं सोंग आणलं होतं गं, पण थोडंसंच."

"सोंग कळतं. राहावं लागतं."

मग दुपारभर घर भरलं. माझा पत्र्याचा डबा काढला. माझा लग्नातला फोटो, ह्यांचा सायकलवरचा, दिगंबरच्या बारशाचा, धायरीत नुसती शेतं होती तेव्हाचा विहिरीवरचा. तिनं एकेकाचे फोटो काढून आत घातले. विहिरीच्या फोटोवर ती थांबली. "हे कुठे?" मी म्हटलं, "आपल्या पार्किंगच्या खाली." बुजवली तेव्हा पाणी होतं तिला. चांगलं गोड पाणी.

आता रोज दिवसभर कुणीतरी तिथं बसून लिहायचं, उघडायचं, मिटायचं. स्पृहाला ऑफिसचं काम, हेमाला शाळा. राहिले मी. बटणांवर मराठी अक्षरांच्या पट्ट्या चिकटवून दिल्या. मला एकटीलाच लॅपटॉपला शिवायची परवानगी. म्हातारीला कसला विटाळ.

समोर एका काठीवर छोटा कॅमेरा लावला आहे. पडद्यावर जे जे होईल ते टिपायला, पुरावा म्हणून. मी केस नीट केले तर स्पृहा म्हणाली, "आजी, तो तुझ्याकडे बघत नाहीये."

बरं. फाइलकडे बघतोय तर बघू दे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एका बोटानं लिहिते. सकाळी सव्वा पान झालं, जेवून आणखी दीड. काय लिहू विचारलं तर स्पृहा म्हणाली, काहीही लिही, शेवटी हा लॅपटॉप पुसूनच टाकायचाय. त्याबरोबर मला बरं वाटलं. पुसूनच टाकायचं असेल तर खरं लिहायला हरकत नाही.

म्हणून मार्केट यार्डातलं लिहिलं. मिरचीच्या गाळ्यावर मी एकवीस वर्षं देठ खुडले. सकाळी पहिल्या पोत्याचं तोंड सुटलं की अख्खा गाळा शिंकायचा, हमाल, दिवाणजी, भिंतीवरचा देवसुद्धा. डोळ्याला हात लावायचा नाही. घरी जाऊन हाताला ताक चोळायचं, तरी दिगंबरला जवळ घेतलं की तो रडायचा. माझ्या शेजारी शेवंता. बिबवेवाडीची, दत्ताच्या देवळामागच्या चाळीतली. तिच्या हाताला माझ्या दुप्पट वेग आणि तोंडाला चौपट. दिवसभर मिरचीत बसायचो, म्हणून दोघींच्या डब्यात लाल भोपळ्याची भाजी. तिखट पोटात घालायची इच्छाच नसायची. कुणाला तरी नावं ठेवल्याशिवाय आमचा डबा संपायचा नाही. इतकं हसायचो की दिवाणजी ओरडायचा, बायांनो, मिरची उडते. तसं हसणं त्यानंतर मी कुणाबरोबर हसले नाही. असो.

१९९३ साली तिच्या पोरीला, भाग्यश्रीला, स्थळ बघत होते. एकोणीस वर्षांची. ह्यांच्या चुलत्यांकडचा एक मुलगा होता. शेवंतानं मला विचारलं, "मुक्ते, तुझ्या घरातला हाय. तू सांग. तू चांगला म्हणलीस तर मी दुसरीकडं इचारत न्हाय." मी त्याला दोन लग्नांत बघितलं होतं. वाढायला पुढं असायचा, पाया पडायचा. मी म्हटलं, "चांगला आहे. डोळे झाकून दे."

दीड वर्षानं पोर परत आली. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

शेवंता मला एक शब्द बोलली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आली आणि पलीकडच्या ढिगाजवळ जाऊन बसली. त्यानंतर नऊ वर्षं एका पत्र्याखाली होतो. मग मी काम सोडलं.

हे सगळं त्या लॅपटॉपात लिहिलं. मी चौकशी केली नव्हती हेही लिहिलं. इथं परत का लिहिते आहे कोण जाणे. ही डायरी हेमा पुसताना उघडते, मला माहीत आहे. हेमा, वाचलंस तर चहात साखर कमी घाल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काही नाही. आणखी दोन पानं. फाइल ढिम्म.

स्पृहानं दुपारी 'फाइल चांगली आहे' असा कागद तयार करून ठेवला. सही बाकी. नखं खात होती. "आजी, कदाचित खरंच चांगली असेल. मीच उगाच धरून बसलेय."

मी म्हटलं, "तुला माहीत आहे का, चांगली आहे म्हणून?"

"नाही."

"वाईट आहे हे तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग तेवढंच लिही. मला माहीत नाही. लाज वाटते काय? ह्या तीन शब्दांनी कुणाचं काही मोडत नाही."

"नोकरी मोडते, आजी."

मी भाजी निवडायला गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी साडेनऊला देवपूजा करून बसले. विहिरीचा फोटो उघडला, तो उघडेना. बारशाचा उघडेना. फोटोंच्या नावापुढं काहीतरी इंग्रजी शेपूट आलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेका नावाला ते लागत चाललं होतं. ह्यांचा सायकलवरचा गेला. माझ्या लग्नाचा गेला. मग मी लिहिलेली पानं, पहिलं, दुसरं, ओळीनं. कुणी अंगण झाडत यावं तशी.

मी हाक मारली, "स्पृहा, तुझ्या स्थळानं कात टाकली."

ती आंघोळीतून ओल्या केसांनी धावत आली. तोवर डोंगराचं चित्र जाऊन काळ्या पडद्यावर लाल अक्षरं आली होती. पैसे कुठं पाठवायचे ते. स्पृहा आनंदानं नाचली. कुलूप लागल्यावर नाचणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. मग म्हणाली, ही फाइल तीन दिवस मोजत होती, घरात किती वस्तू आहेत, रोज कुणी वापरतंय का. खात्री पटल्यावर उठली. सुनीतीबाईंचा कॉम्प्युटर चालू ठेवला असता तर बुधवारीच उठली असती, कारण तिथं घर आधीच भरलेलं.

अकराला आमोदना कॅमेऱ्यात टिपलेलं सगळं पाठवलं. साडेअकराला त्यांचा फोन, नुसतं "ओह शिट, ओह शिट." साडेबाराला रंगनाथरावांनी स्वतः स्क्रू काढून डिस्क आणून दिली. रिक्षानं धायरीपर्यंत. पाच वाजेपर्यंत याद्यांची नक्कल निघाली, सगळ्या शाबूत. जाताना मला म्हणाले, "आपली नात फार चिवट आहे."

मी म्हटलं, "आपण तिला आजारी म्हणाला होतात."

"तेच म्हणतोय," म्हणाले. पण पेढे ठेवून गेले.

संध्याकाळी स्पृहा जरा ओशाळून म्हणाली, "आजी, फोटो डब्यात आहेत. पण तू लिहिलेलं गेलं गं. आता पुसावं लागेल."

"पूस. मिरच्यांचं होतं."

सोमवार, १७ नोव्हेंबर

मेळावा झाला. तीन लग्नं जमण्याच्या बेतात आहेत म्हणे. देव त्यांचं भलं करो आणि कुणीतरी चौकशी करो.

आमोद यांनी फोन मला द्यायला सांगितला. म्हणाले, "आजी, मी तिन्ही दिवसांचं रेकॉर्डिंग बघितलं. पूर्ण. स्पृहाला आम्ही कन्फर्म केलंय." मग म्हणाले, "माझी आईसुद्धा भोपळ्याची भाजी करायची." ह्यांना माझ्या डब्याचं काय? आवाज बसला होता, सर्दी असावी. पावसाळा संपला तरी पुण्याची हवा सुधारत नाही.

स्पृहा माझी नजर चुकवते आहे. पक्की नोकरी लागलेली पोरगी अशी दिसत नाही. जेवताना तिसऱ्यांदा विचारलं, "आजी, आणखी भात?" मी म्हटलं, मी आजारी आहे का?

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्पृहा आज बिबवेवाडीला जाऊन आली. म्हणाली, कामासाठी. बिबवेवाडीत कॉम्प्युटरचं कसलं काम? कपाळाला अंगारा होता; गुरुवार, म्हणजे दत्ताच्या देवळातला. विचारलं नाही. माणसाला खोटं बोलायला लावणं बरं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी स्पृहा म्हणाली, "आजी, साडी बदल. तुला एकीकडे न्यायचंय." मी समजले दवाखाना. स्कूटरवर मागे बसले. स्वारगेट सोडून पुढं गेली तेव्हा कळलं. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली, थांब म्हणून. ती थांबली नाही.

चाळ गेली, तिथं चार मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर दार भाग्यश्रीनं उघडलं. एक्कावन्न वर्षांची, केस अर्धे पांढरे, चष्मा. एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आहे, हाताखाली सात बायका. मला बघून उजवा कान पुढं केला आणि म्हणाली, "या काकू. मुलगी गुरुवारी सांगून गेली होती."

कॉटवर शेवंता. पार वाळली आहे. तोंड तसंच. "आली व्हय? मेलीस का न्हाय अजून?"

"तुझ्या आधी नाही."

"बस मग. उभी राहून छत धरायचंय का?"

स्पृहा खाली जाते म्हणाली आणि गेली. चहा आला. बत्तीस वर्षं जे म्हणायचं म्हणून ठेवलं होतं ते एवढंसं निघालं. "शेवंता, मी चौकशी केली नव्हती. मला माहीत नाही म्हणायला पाहिजे होतं."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी बी दुसरीकडं इचारलं न्हाय. तू म्हणलीस म्हणून सोपं झालं. सोपं झालं म्हणून मी तुझ्यावर रागवले."

भाग्यश्री दारात उभी होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

आम्ही दोघींनी मान वळवली.

"बघायला आले त्या दिवशीच. तुम्ही सगळे बाहेर बोलत होतात. तो हात धुवायला मोरीकडे आला. त्याची धाकटी बहीण तांब्या घेऊन उभी होती, जरा उशीर झाला पाणी घालायला. त्यानं तिच्या पायावर टाच रोवली आणि तसाच उभा राहिला. ती रडायची थांबेपर्यंत. मग हसत बाहेर गेला. मी चुलीशी होते. मला दिसलं."

शेवंता म्हणाली, "मग बोलली का न्हाईस?"

"कुणी विचारलं नाही, आई. मुलगी बघायला आले होते. मुलीनं काय बघितलं ते कुणी विचारायचं नसतं. परत आल्यावरसुद्धा नाही. डॉक्टरनं तेवढं विचारलं, कुठला कान."

चहा हातात तसाच होता. मला वाटलं होतं की माफी मागायची, शिवी खायची आणि उठायचं. पण इथं मागण्यासारखं काही नव्हतं, आणि देणारी शेवंता नव्हती. मी कप खाली ठेवला. भाग्यश्रीच्या उजव्या बाजूला सरकले, शेजारची जागा हातानं दाखवली.

म्हटलं, "आता विचारते. पहिल्या दिवसापासून सांग."

ती आधी हसली, मग पदरानं चष्मा पुसला, मग बसली. खालून स्पृहानं दोनदा हॉर्न वाजवला. शेवंता कॉटवरून ओरडली, "ए पोरी, जरा कळ काढ!"

साडेतीन वाजता भाग्यश्री लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापर्यंत आली होती. मी उठले नाही.